पाठीचा तुकडा

१

मंगळवारी दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात सिस्टर आत शिरल्या आणि त्यांनी लहान मुलाचा निळा नाइटसूट काउंटरवर आपटला. त्यावर कागदाची घडी आपटली. मग समोरच्या खुर्चीवर स्वतःला आपटलं.

"वाचा," त्या माझ्या भावाला म्हणाल्या.

खुर्ची करकरली. गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे अशा तीन खुर्च्या आहेत, उठलं की बैठक आपोआप मिटणाऱ्या. पाठीवर अजून रांगेचे आकडे आहेत. जुनं नाट्यगृह पाडलं तेव्हा माझ्या भावानं त्या मोडीत आणल्या. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून घरात तो धाकटा आणि कारखान्यात मालक. मोडीत काही मिळालं की त्याला लॉटरी लागल्यासारखं होतं.

आम्ही एकच गोष्ट शिवतो, मुलांचे झोपताना घालायचे कपडे. नुसतं सूत, अंगाबरोबर बसणारं माप, आणि कापडानं पेट घेऊ नये म्हणून जी रसायनं मारतात त्यांतलं एकही नाही. कपडा ढगळ असला की आत हवा खेळते आणि ठिणगी पडली तर तो भडकतो, म्हणून ढगळ कपड्याला रसायन मारतात. अंगासरशी बसणाऱ्याला त्याची गरज नाही. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय, तरी दर दुसरी आई म्हणते, "एक साइज मोठा द्या, पुढच्या वर्षीही होईल." मी देत नाही. मी इथली कटर, मापं माझी. मला सगळे 'कात्री' म्हणतात, आणि ते नुसतं कामावरून म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे.

धाकट्यानं कागद वाचला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं.

तो वाचेना, म्हणून सिस्टरच बोलल्या. "प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे. तुमच्या कापडात आग रोखणारा क्षार सापडलाय. पडदे, तंबू, असल्या गोष्टींना मारतात तो. मी भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात काम करते, ताई. आगीची थट्टा मी करत नाही. म्हणून तर सहा दुकानं फिरून, लेबलं वाचून, तुमचे घट्ट कपडे निवडले. माझा मुलगा झोपेत बाही चघळतो. रात्रभर चघळतो. त्याच्या पोटात काय घालत होते मी?"

मी नाइटसूटच्या कॉलरमागचा शिक्का बघितला. माल आमचाच होता.

"आमच्या पाळणाघरातल्या चाळीस आयांनी माझ्या शब्दावर तुमच्याकडून कपडे घेतलेत," त्या उठत म्हणाल्या. "शनिवारी दुपारी त्या सगळ्या इथे येणार आहेत. काय सांगायचं ते ठरवून ठेवा."

धाकट्यानं तेव्हाच ठरवलं असावं. दुपारी चार वाजता त्यानं दुकानामागच्या कारखान्यात सगळ्यांना मशीनवरून उठवलं आणि गालबाईंकडे बोट दाखवलं.

२

गालबाई आमचं कापड खरेदी करतात. अकरा वर्षं. ठाण आलं की त्या आधी ते गालावर घासतात, मग बोटांत चुरगळतात, मग कानाशी नेऊन ऐकतात. कापडाचा काय आवाज येतो ते त्यांनाच माहीत. पण त्यांनी नाकारलेलं ठाण पुढे चांगलं निघालं, असं एकदाही झालेलं नाही.

"कापड तुम्ही आणता," धाकटा म्हणाला. "कापडात रसायन निघालं. ठाणवाल्याशी तुमचं काय साटंलोटं आहे ते मला विचारायचं नाही. शनिवारच्या आत लिहून द्या की चूक तुमची, आणि मोकळ्या व्हा."

कारखान्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि आमच्याकडे टाचण्या पुष्कळ पडतात.

"मी लिहिणार नाही," गालबाई म्हणाल्या.

"मग मी लिहीन, आणि ते सगळ्यांना वाचून दाखवीन."

"दाखवा."

त्या पिशवी उचलून चालू लागल्या. मी मागोमाग ठाणांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"खरं सांगा," मी म्हटलं, "आणि रडायचं असेल तर आधी रडून घ्या."

"रडायला मी काय केलंय?" त्या माझ्यावरच उसळल्या. "कात्रीताई, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण कापड पारखणाऱ्या बाईनं मुलांच्या कपड्यात विष आणलं, असं एकदा झालं की मला कुणी उंबऱ्यात उभं करणार नाही. माझ्याकडे दुसरं काय आहे? हा गाल आणि हे नाव."

"ठाण कसं होतं?"

"लोण्यासारखं. सगळी ठाणं. पण एक सांगू? गेले चार महिने तयार माल मला कडक लागतोय. ठाण मऊ आणि घडी घातलेला कपडा कडक. मी मालकांना म्हटलंही. ते म्हणाले, वाफेकाका खळ मारत असतील."

वाफेकाका म्हणजे आमचे इस्त्रीवाले. त्यांना खळीचा वास सहन होत नाही, शिंका येतात. पंचवीस वर्षांत त्यांनी खळीला हात लावलेला नाही, आणि हे धाकट्यालाही पक्कं ठाऊक आहे.

३

बुधवारी सकाळी मी ठाणवाल्याला बोलावलं. तो आला तो हात जोडतच आत आला. ज्याचे हात आधीच जोडलेले असतात त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, पण ऐकून घेतलं.

"ताई, ते रसायन फुकट मिळतं का? रसायन मारलेलं ठाण महाग विकलं जातं. महागाचा माल स्वस्तात घालायला मी काय खुळा आहे?"

"चुकून बदललं असेल."

"एक ठाण चुकेल. चार महिने चुकेन?"

माणूस लबाड होता, पण ही गोष्ट खरी होती. लबाड माणूस स्वतःचं नुकसान करून लबाडी करत नाही. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मग मी रिपोर्ट बघायला धाकट्याच्या टेबलाशी गेले. ड्रॉवरला कुलूप होतं. त्या ड्रॉवरला कुलूप लागतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"किल्ली दे."

"ताई, तू कापडं काप. हे मी बघतो."

मी त्याला चालायला शिकवलं, नाक पुसायला शिकवलं, आणि पट्टी धरून सरळ रेघ मारायलाही मीच शिकवलं. हा मला सांगतोय, कापडं काप! मी काही न बोलता निघाले. मी बोलले नाही, तेव्हाच त्यानं घाबरायला हवं होतं.

सिस्टरांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. जाळीच्या टोप्या घातलेली दोन मुलं कॉरिडॉरमध्ये चाकाची गाडी फिरवत होती. एकाचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मी तिकडे फार वेळ बघू शकले नाही.

"चौकशीला आलात की समजूत घालायला?" सिस्टरांनी विचारलं.

"समजूत मला कुणाचीच घालता येत नाही. रिपोर्टाची प्रत द्या."

त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. मी कागद बाहेर काढला आणि थबकले. धाकट्यानं काउंटरवर माझ्यासमोर एकच पान धरलं होतं.

रिपोर्टाला दुसरं पान होतं.

४

दुसऱ्या पानावर एक तक्ता होता. सिस्टरांनी प्रयोगशाळेला दोन जोड दिले होते. एक पाकिटातून काढलेला, न घातलेला. दुसरा एकदा धुतलेला. धुतलेल्यात काही सापडलं नव्हतं. न धुतलेल्याचे त्यांनी दोन भाग तपासले होते, पाठ आणि पुढची बाजू. पाठीत क्षार भरपूर, पुढच्या बाजूला नावापुरता.

"हे तुम्ही वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं. पाठीत आहे म्हणजे कापडात आहेच की. आणि धुतलेला जोड दुसऱ्या ठाणाचा असेल."

प्रयोगशाळेतून परत आलेले दोन्ही जोड सिस्टरांच्या कपाटातच होते; मी त्यांच्या कॉलरमागचे शिक्के बघितले. ते मीच मारते. दोन्हींवर एकच आकडा होता, म्हणजे ठाण एकच. सिस्टरांच्या टेबलावर बसून मी डोळे मिटले आणि माझं कटिंग टेबल डोळ्यांसमोर आणलं. मी कापडाचे तीस थर एकावर एक अंथरते. सगळ्यांत वर पॅटर्न ठेवते. कापड वाया जाऊ नये म्हणून पाठीच्या कुशीत पुढचा भाग बसवते आणि त्यांच्या फटीत बाह्या. म्हणजे एका कपड्याची पाठ आणि त्याचा पुढचा भाग एकाच थरातून, एकमेकांना चिकटून निघतात. त्यांच्यात असते फक्त माझ्या पातीची रेघ.

"सिस्टर," मी म्हटलं, "आडात असतं तर दोन्ही पोहऱ्यांत आलं असतं. कापडात रसायन असतं तर पाठीत आणि पुढे सारखंच निघालं असतं. पाठीलाच लागलंय, म्हणजे कापल्यानंतर लागलंय. आणि गिरणीनं मारलेलं पक्कं रसायन एका धुण्यात जात नाही. हे वरवर लागलेलं आहे, मिठाच्या पाण्याचा हात लागावा तसं. कापड आणणारीचा यात काही संबंध नाही."

"मग कुणाचा?"

"कापड माझ्या हातून सुटल्यावर शिलाईत जातं. शिलाईत ते सगळ्या बाजूंनी फिरतं, एकाच बाजूला काही लागणार नाही. तिथून इस्त्रीला जातं, आणि मग घडी घालून पाकिटात."

मी हे बोलले आणि रिपोर्ट घाईघाईनं पिशवीत घातला. कारण इस्त्रीच्या टेबलावर कपडा कसा ठेवतात, ते मला आठवलं होतं.

५

वाफेकाकांची एक जुनी चेष्टा आहे. "झोपायचे कपडे आहेत ना? मग उताणेच झोपवायचे." खरं कारण असं, की आमच्या कपड्यांच्या छातीवर लहान बटणं असतात, आणि पालथं घातलं तर इस्त्रीखाली ती फुटतात. म्हणून कपडा नेहमी पाठीवर निजतो, बटणं वर. वाफ वरून खाली जाते. पाठ ओली होऊन टेबलाला चिकटते.

गुरुवारी मी इस्त्रीच्या खोलीत गेले. टेबलावर पांढरंशुभ्र नवं आवरण ताणून बसवलं होतं.

"काका, हे कधी बदललं?"

"मंगळवारी. मालकांनी स्वतः बदललं, जेवणाच्या आधी."

"करपलं होतं?"

"छे! तेच तर दुःख आहे." काकांनी इस्त्री उभी ठेवली. "आधी दर तीन आठवड्यांनी आवरण करपायचं. मग चार महिन्यांपूर्वी मालकांनी ते राखाडी जाड कापड आणून दिलं. काय कापड होतं! इस्त्री विसरून चहाला जा, डाग म्हणून नाही. मंगळवारी म्हणाले, जुनं झालं, द्या इकडे. मी म्हटलं, मालक, अजून दहा वर्षं जाईल. ऐकलं नाही."

"कशाचं होतं ते?"

"पडद्याचं अस्तर. खुर्च्यांबरोबर आलेलं, नाट्यगृहाच्या मोडीत."

रंगमंचाचा पडदा आणि त्याचं अस्तर सहज पेटू नये म्हणून त्यांना क्षार मारतात, हे नाट्यगृहात काम केलेल्या कुणालाही विचारा. कोरड्या जागी तो तसाच राहतो. पण त्यावर रोज वाफ सोडली, तर तो विरघळून वर ठेवलेल्या ओल्या कपड्यात शिरणार नाही तर जाणार कुठे? मुलांच्या कपड्यांच्या पाठीत शिरला. चार महिने. आणि ते राखाडी आवरण मी येता-जाता रोज बघत होते. न करपणारं आवरण हे कसलं, असं मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. बाकी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी!

"काका, थोडंसं तरी उरलंय का?"

काका वाकले आणि टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारलेली राखाडी घडी त्यांनी ओढून काढली.

मी ती परसात नेली. शेजारी पाण्याची बादली ठेवली. चिमट्यात आधी आमच्या कापडाची पट्टी धरली आणि काडी लावली. ती पिवळ्या ज्योतीनं सरसर जळत गेली, कागद जळल्यासारखा वास आला. मग राखाडी पट्टी धरली. काडी होती तोवर ती काळी पडत गेली. काडी दूर केली आणि ज्योत विझली.

मागे कुणीतरी उभं होतं. वळून पाहिलं तर धाकटा.

६

"तुला मंगळवारीच कळलं होतं," मी म्हटलं. "रिपोर्टात 'पडदे' वाचलंस आणि तुझा रंग उतरला. जेवणाच्या आधी तू आवरण काढलंस. दुसरं पान ड्रॉवरमध्ये कोंडलंस. आणि चार वाजता गालबाईंकडे बोट दाखवलंस."

तो नाकबूल करेल असं मला वाटलं होतं. त्यानं केलं नाही. बादलीशेजारी उकिडवा बसला.

"मला माहीत नव्हतं गं, ताई. आणलं तेव्हा खरंच माहीत नव्हतं."

"आणलंस त्याबद्दल मी काही बोलतच नाहीये. ती चूक होती, मीही केली, रोज बघून केली. मंगळवारी चार वाजता जे केलंस ते सांग."

"कापड आणणारी एक बाई चुकली, तिला काढलं, असं सांगितलं तर लोक विसरतात. आपल्याच टेबलावर, आपल्याच हातानं, चार महिन्यांचा सगळा माल... कोण येईल पुन्हा? बावीस माणसं आहेत इथे. आणि एका धुण्यात जातं ते! झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला मी दुसरीकडे लावून देईन."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाला नवी जागा! वा!"

"तू माझी बहीण आहेस की तिची?"

"आत्ता तिची," मी म्हटलं. "आणि त्या बाही चघळणाऱ्या पोराची. घरात आणलेला नवा कपडा कुणी धुतला आणि कुणी तसाच घातला, तुला ठाऊक आहे? ज्यांच्याकडे न धुतलेला जोड कपाटात पडलाय, त्यांना कोण सांगणार? शनिवारी तू सांगणार नसलास तर मी सांगेन. एका हातात हा चिमटा आणि दुसऱ्या हातात ही पट्टी घेऊन."

"दुकान बुडेल."

"बुडू दे. खोटं बोलून तरलेल्या दुकानात मी एक बाही कापणार नाही. दुसरी कटर बघ."

मी घडी पिशवीत घातली आणि तशीच गालबाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या गळ्यात पडतील. त्यांनी नुसती राखाडी पट्टी घेतली, गालावर घासली आणि तोंड वाकडं केलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हाच कडकपणा." मग पट्टी परत दिली. "तुम्ही शोधलंत, तुमचे उपकार आहेत. पण शनिवारी तुम्ही बोलायचं नाही, कात्रीताई."

"का?"

"तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, मैत्रिणीनं मैत्रिणीला वाचवलं. बोट ज्यानं दाखवलं, तोंडही त्यानंच उघडायचं. त्यांना सांगा. नाहीतर तुमचा चिमटा आहेच."

मी तसंच सांगितलं. शुक्रवारभर धाकट्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी जाताना त्यानं ड्रॉवरचं कुलूप काढून माझ्या टेबलावर ठेवलं, किल्लीसकट.

७

शनिवारी चाळीस म्हटलेल्या आया पन्नासावर आल्या. कटिंग टेबल भिंतीशी सारलं, मशीनची स्टुलं मांडली, तरी अर्ध्या बायका उभ्याच होत्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात आमचीच न उघडलेली पाकिटं. सिस्टर पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. वाफेकाका दाराशी उभे होते. त्यांना सकाळीच सगळं कळलं होतं आणि त्यांचे डोळे लाल होते. गालबाई सगळ्यांच्या मागे, ठाणांच्या खोलीच्या उंबऱ्यात.

माझ्या पिशवीत चिमटा होता. मी पिशवीचं तोंड उघडंच ठेवलं.

धाकटा पुढे आला. त्याच्या हातात लिहिलेला कागद होता. त्यानं घसा साफ केला आणि वाचायला लागला. आमच्या कारखान्यात अनवधानानं एक त्रुटी राहून गेली, ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे, असलं काहीतरी. आवाज इतका बारीक होता की शेवटचे शब्द त्याच्याच कॉलरमध्ये शिरले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मूल रडायला लागलं. माझा हात पिशवीत गेला.

"ऐकू येत नाही, मालक," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. गालबाई उंबऱ्यातच ताठ उभ्या होत्या.

"मागच्यांना काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी आवाज चांगला खणखणीत होता तुमचा. तसंच बोला."

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हातातला कागद दुमडला आणि खिशात घातला.

"पडद्याचं कापड मी आणलं," तो म्हणाला, आणि या वेळी ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "ते इस्त्रीच्या टेबलावर मी घातलं. त्यातलं रसायन तुमच्या मुलांच्या कपड्यांच्या पाठीला लागलं. हे मला मंगळवारी कळलं, आणि कळल्यावर मी या बाईंवर आळ घेतला."